उचललेला डावा खांदा

संग्रहालयात तिला सगळे टाचणी म्हणत. कामाच्या वेळी तिच्या ओठांच्या कोपऱ्यात टाचण्या धरलेल्या असायच्याच, आणि त्या तशाच धरून ती हसू शकायची, हुकूम सोडू शकायची, वेळ पडली तर भांडूही शकायची. नव्या माणसाला धास्ती वाटायची की ही एखाद दिवशी गिळणार. जुनी माणसं म्हणायची, काळजी नको, टाचणीला टाचण्या पचतात.

तिचं काम पुतळ्यांना कपडे घालण्याचं. दुकानातल्या पुतळ्याचं काम सोपं असतं. कपडा सैल झाला तर पाठीमागून टाचून टाकायचा, घट्ट झाला तर उसवायचा, समोरून छान दिसलं की झालं. संग्रहालयात तसं नाही. तिथला कपडा म्हातारा असतो, तो जसा आहे तसाच राहू द्यायचा आणि आतला पुतळा त्याच्या मापाचा करायचा. छाती तासायची, पोटाला कापूस बांधायचा, पाठीला बाक आणायचा. “पुतळा काप, कपडा नाही,” असं तिला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि टाचणीने ते वर्षानुवर्षं पाळलं. ती म्हणायची, माणूस मेला तरी त्याच्या कोटाला त्याची सवय असते. सेनापतींची पोटं आणि राण्यांची कुबडं अशी तिने कितीदा कापसातून परत उभी केली होती. चित्रात ताठ बसलेल्या एका राणीचा एक कुल्हा मोठा होता, हे टाचणीला आणि त्या राणीच्या झग्यालाच ठाऊक होतं, आणि दोघांनीही ते कुणाला सांगितलं नाही.

कंडक्टरशी तिची गाठ पडली तीही टाचण्यांमुळेच. तेव्हा टाचणी तरुण होती. काम उरकून धावत बसमध्ये चढली आणि ओठांतल्या टाचण्या काढायच्या राहूनच गेल्या. कंडक्टर बाई होती, दांडगी, मोठ्या आवाजाची. समोर येऊन म्हणाली, “कुठलं देऊ?”

टाचणीने तोंड न उघडता हाताने दिशा दाखवली.

“आधी तोंडातलं सामान उतरवा,” कंडक्टर म्हणाली. “लोखंडाचं तिकीट वेगळं पडतं.”

सगळी बस हसली. टाचणीचे कान लाल झाले, आणि दुसऱ्या दिवशी दोन बसेस सोडून ती त्याच बसची वाट बघत उभी राहिली.

कंडक्टरच्या डाव्या खांद्यावर चामड्याची पिशवी असायची. तिचा पट्टा घसरू नये म्हणून तो खांदा उचलून धरायची सवय इतकी मुरली होती की पिशवी नसतानाही खांदा वर तो वरच. मान किंचित उजवीकडे. तिला चालताना पाहिलं की वाटायचं, ही आपल्याच खांद्यावर रुसली आहे. उभी राहायची तीही पाय फाकवून, एक गुडघा सैल सोडून, आत्ता ब्रेक लागला तरी पडणार नाही अशी. जमीन हलत नसली तरी. दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, स्वयंपाकघरात, सगळीकडे तशीच.

“बस थांबली आहे,” टाचणी म्हणायची. “सरळ उभी राहा.”

“ते तुझ्या पुतळ्यांना सांग.”

चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या. मालकीणबाई खालीच राहायची. किल्ली हातात देण्याआधी तिला नातं हवं होतं. “तुम्ही दोघी कोण एकमेकींच्या?” टाचणी किल्लीकडे बघत राहिली. कंडक्टर मात्र तिकीट फाडावं तितक्या सहज म्हणाली, “मावसबहिणी.”

शब्द तरी किती गुणी होता. आडनावं वेगळी का, तोंडवळे वेगळे का, एकाच खोलीत झोपणं का, सगळ्याची उत्तरं त्याच्या पोटात होती. फक्त आता एक मावशी लागणार होती. ती टाचणीची आई ठरली, लांबच्या गावी राहणारी, गुडघेदुखीने जागची न हलणारी. मालकीणबाई मनाने मायाळू, आणि तोच ताप होता. जिन्यात भेटली की मावशींच्या गुडघ्यांची चौकशी. मावशींसाठी तेल. मावशींना इथे आणाच, इथला डॉक्टर चांगला आहे, उतरायला माझी खोली देते. शेवटी एका सकाळी चहा पिता पिता कंडक्टर म्हणाली, “टाचणे, मावशीला मारावं लागतंय.”

“कशाने?”

“हृदयविकाराने. झटकन. हाल नकोत तिचे.”

मालकीणबाई वर आली, टाचणीला पोटाशी धरून हमसाहमशी रडली, आणि आश्चर्य म्हणजे टाचणीलाही खरं रडू फुटलं. दार लागल्यावर दोघी उशीत तोंड खुपसून हसल्या. मग कंडक्टर उठून बसली. “बिचारी,” ती म्हणाली. “एवढी वर्षं आपल्याला पदराखाली घेतलं तिने.”

त्या खोल्यांत दोघी म्हाताऱ्या झाल्या. कंडक्टर निवृत्त झाली, गणवेश धुऊन कपाटात टांगला, आणि त्यानंतर काही वर्षांनी एका सकाळी दात घासता घासता खाली कोसळली. पक्षाघात. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वाचेतले दोन शब्द तेवढे मागे राहिले, जन्मभर गर्दीला सांगितलेले: पुढे सरका. तहान लागली तरी “पुढे सरका”, दुखलं तरी तेच, आणि टाचणी दारातून आत आली की तेच. डॉक्टर म्हणाले, असं होतं, त्याला अर्थ नसतो. टाचणीला अर्थ कळायचा. हळू आणि दोनदा म्हटलं की पाणी. दात आवळून म्हटलं की अंथरूण ओलं झालंय. शेवटी आवाज चढवला की लाड.

जिना चढवणं अशक्य, म्हणून कंडक्टरला शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. तिथे आत जायला फक्त नातेवाइकांना परवानगी, तीही संध्याकाळच्या तासाभराची. आणि दाखल करायला रक्ताच्या माणसाची सही हवी. कंडक्टरला एक सख्खा धाकटा भाऊ होता. नळांच्या सामानाचं दुकान. ताई ‘त्या बाईबरोबर’ राहायला गेली तेव्हापासून त्याने येणंजाणं टाकलं होतं. सहीपुरता आला. तिथली मेट्रन साध्या मनाने त्याला म्हणाली, “या म्हणजे तुमच्याही मावसबहीणच की.”

भावाने टाचणीकडे पाहिलं. आपल्या आईला बहीण नव्हती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? टाचणी पायाच्या अंगठ्याने फरशी दाबत उभी होती.

“हो,” तो म्हणाला. “याच बघतील सगळं.”

त्या एका ‘हो’साठी टाचणी त्याला मनोमन हात जोडत राहिली. त्यालाही ते सोयीचंच होतं. भरवणं, पुसणं, नखं काढणं, कुशीवर वळवणं, काहीच त्याच्या अंगाला लागलं नाही. टाचणीचं म्हणाल तर चष्म्याच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत ती फक्त झोपायला जायची. संध्याकाळचा तो तास हेच आता तिचं घर होतं, आणि ते घर त्या ‘हो’वर उभं होतं.

त्याच वर्षी संग्रहालयाने एक नवं प्रदर्शन काढायचं ठरवलं. ‘आपल्यातलेच’ असं त्याचं नाव. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसं याच शहरात कशी जगली, कुठे भेटली, काय ल्यायली, कुणाला घाबरली, ते त्यांच्याच वस्तूंमधून दाखवायचं, आणि पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना बोलवायचं. प्रदर्शन मांडणारी क्युरेटरबाई तरुण होती, हुशार, कामाला वाघ. पण वस्तू येईनात. लोक भेटायचे, बोलायचे, रडायचे, आणि वस्तू परत पिशवीत घालून घेऊन जायचे. “हे पाहा,” ती एकदा चहाच्या वेळी टाचणीला म्हणाली, “राजांचे जोडेसुद्धा आपल्याकडे आहेत, आणि यांचा एक रुमाल नाही.”

कंडक्टर हेच म्हणायची. सुटीच्या दिवशी टाचणीला न्यायला आली की दालनातून फिरायची आणि म्हणायची, “इथे सगळे मोठ्यांचे अंगरखे. आमच्यासारखीचं इथे काय लागेल, पायपुसणं?”

संध्याकाळी भरवताना टाचणीने तिच्या कानाशी वाकून विचारलं, “तुझा गणवेश देऊ का गं? काचेत लावतील. दिवे सोडतील वरून.”

“पुढे सरका,” कंडक्टर म्हणाली, शेवटी आवाज चढवून.

तेव्हा टाचणीने तो दिला. अट एकच घातली: नाव नको, चेहरा नको, तिचाही नको नि माझाही नको. क्युरेटरबाईचे डोळे भरून आले. तिने शब्द दिला, आणि हे सांगायलाच हवं की तिने तो अक्षरशः पाळला. पाटीवर एवढंच लिहिलं होतं: ‘एका बस कंडक्टर स्त्रीचा गणवेश. ही स्त्री आपल्या जोडीदार स्त्रीबरोबर आयुष्यभर एका घरात राहिली.’ पुतळाही बिनडोक्याचाच निवडला.

टाचणीने पहिल्यांदा तो सरळ उभा केला होता. कोट चढवला आणि मागे सरून पाहिलं, तर डाव्या खांद्यावर कापड उगाच फुगलं होतं, उजवीकडे बगलेत घडी पडली होती आणि पाटलोणीचा एक गुडघा पोकळ लोंबत होता. कोट कुरकुरत होता. तिने तो उतरवला आणि नेहमीचं काम सुरू केलं. डावा खांदा कापसाने उचलला. मानेचा खुंट तासून उजवीकडे कलवला. गुडघा सैल केला, पाय फाकवले. मग परत कोट चढवला, तेव्हा एकही सुरकुती राहिली नाही. पिशवीचा पट्टा खांद्यावर ठेवला तर तो आपोआप जागेवर बसला.

टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. “बस थांबली आहे,” ती हळूच म्हणाली.

चेहरा नसला की ओळख नसते, असं संग्रहालयाला वाटलं. चेहऱ्यावाचून माणसं ओळखण्यात जिचं आयुष्य गेलं, त्या टाचणीलाही त्या दिवशी तसंच वाटलं.

पहिली संध्याकाळ सुंदर झाली. किती तऱ्हेची माणसं आली. एकमेकांचा हात धरून आलेली पोरं, ठेवणीतलं लुगडं नेसलेली एक उंच तृतीयपंथी बाई, आपली आई बरोबर घेऊन आलेली एक मुलगी. दोन म्हातारे गणवेशासमोर बराच वेळ उभे राहिले. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, “हिच्या बसमध्ये आपल्याला कुणी उठवलं नसतं.” एक मुलगी काचेपुढे तशीच खांदा उचलून, गुडघा वाकवून उभी राहिली आणि मैत्रिणींनी फोटो काढला. टाचणी कोपऱ्यात उभी होती. जवळजवळ सबंध आयुष्य जे दार लावूनच जगायचं होतं, ते दिव्याखाली उभं होतं आणि लोक त्याला हसत नव्हते. तिला उद्याची संध्याकाळ दिसत होती. कंडक्टरला सगळं सांगायचं. त्या म्हाताऱ्यांचं वाक्य तर आधी.

तेवढ्यात तिला दारात कंडक्टरचा भाऊ दिसला.

शेजारच्याच दालनात शाळांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं आणि भावाच्या नातीचं चित्र तिथे लागलं होतं. ते पाहून सगळं कुटुंब बाहेर पडत होतं: भाऊ, त्याची बायको, नात, आणि मुलीची सासू, म्हणजे त्यांच्या विहीणबाई. इकडे गर्दी दिसली, संगीत ऐकू आलं, म्हणून विहीणबाई म्हणाल्या, “इथे काय आहे बघू या.” विहीणबाईंच्या शब्दाबाहेर जायची त्या घरात रीत नव्हती.

टाचणी खांबाआड सरली. भाऊ हात मागे बांधून काचांसमोरून नुसताच चालत होता. भावजय मात्र गणवेशासमोर थांबली. एक पाऊल मागे आली, मान वाकडी करून पाहिलं, आणि भाबडेपणाने म्हणाली, “अगंबाई. अहो, इकडे या. या बघा, डिट्टो आपल्या ताई उभ्या आहेत.”

भाऊ आला. त्याने पाहिलं. खांदा, मान, गुडघा. लहानपणी ज्या खांद्यावर बसून तो शाळेत गेला होता, तो खांदा त्याला ओळखता येणार नाही असं कसं होईल? त्याचा चेहरा क्षणभर मऊ झाला. टाचणीने तो मऊ झालेला पाहिला, आणि नंतर कितीतरी दिवस तिला तेच आठवत राहिलं.

“तुमची बहीण कंडक्टर होती ना,” विहीणबाई म्हणाल्या, आणि चष्मा लावून पाटी वाचू लागल्या. त्या मोठ्याने वाचत होत्या. “‘आपल्या जोडीदार स्त्रीबरोबर…’” त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चष्मा काढला, मिटला, पर्समध्ये ठेवला.

“काहीतरीच,” भाऊ म्हणाला. “कंडक्टर काय एकच असते?”

“तुमच्या मंडळीच म्हणाल्या ना, डिट्टो,” विहीणबाई म्हणाल्या. “आम्हाला स्थळ बघताना एवढंच सांगितलं होतं की बहीण अविवाहित आहे.”

नात खांदा उचलून पुतळ्यासारखी उभी राहिली होती. “आजोबा, माझा फोटो काढा.”

भावाने तिचा खांदा धरून खाली दाबला, जरा जोरातच. मग वर पाहिलं, आणि खांबाआडची टाचणी त्याला दिसली.

दुसऱ्या दिवशी तो शुश्रूषागृहाच्या व्हरांड्यात तिच्या आधीच येऊन उभा होता. मेट्रन बाजूला, जमिनीकडे बघत.

“आजपासून आत जायचं नाही,” तो म्हणाला. आवाज खालचा, गिऱ्हाइकाशी बोलावा तसा. “मी मेट्रनबाईंना सांगितलंय.”

“नाव नाही लिहिलं कुठे,” टाचणी म्हणाली. “चेहरासुद्धा नाही.”

“तुम्ही ताईला उभी केलीत तिथे. जशीच्या तशी. माझ्या मुलीच्या सासूसमोर.”

“मला ठाऊक नव्हतं तुम्ही याल.”

“मी इतकी वर्षं काही बोललो नाही. तुम्ही मावसबहीण म्हणालात, मी मान हलवली. एवढं झाकून घेतलं तुमचं, आणि तुम्ही ते चव्हाट्यावर नेऊन उघडलंत.”

आतून कंडक्टरचा आवाज आला. “पुढे सरका. पुढे सरका.” हळू, दोनदा.

“तिला पाणी हवंय,” टाचणी म्हणाली. “तेवढं पाजून येते.”

“नर्स पाजेल.”

“नर्सला कळत नाही.”

टाचणीने हात जोडले. “मी तो पुतळा काढला तर?”

त्याने मेट्रनकडे पाहिलं. “मग बघू,” तो म्हणाला.

ती व्हरांड्याच्या पायऱ्या उतरत असताना आत पलंगाची चाकं करकरली. ‘पुढे सरका’ ऐकून नर्सने पलंग पुढे सरकवला होता.

टाचणी ‘मग बघू’ घट्ट मुठीत धरून संग्रहालयात आली आणि क्युरेटरबाईच्या टेबलासमोर उभी राहिली. “तो गणवेश काढू या,” ती म्हणाली. “मला परत द्या.”

क्युरेटरबाईने सगळं ऐकून घेतलं. उठून तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, “असं करू नका. सगळ्यात जास्त लोक त्याच्यापुढे थांबतात. तो काढणं म्हणजे तुम्हाला पुन्हा लपवणं. आणि भाऊ रागावला म्हणून आपण लपवणार?”

“मला आत जाऊ देत नाहीत, बाई.”

“ते बेकायदेशीर आहे. आपण वकिलाशी बोलू. माझ्या ओळखीच्या आहेत एक, फार चांगल्या. वेळ लागेल, पण लढू.” तिने टाचणीचा हात हातात घेतला. “खरं तर शेवटच्या संध्याकाळी तुम्हीच बोला. नावानिशी. त्यांच्या तोंडावर.”

क्युरेटरबाई मनापासून बोलत होती. तिला लढायला वर्षं होती. टाचणीने हात सोडवून घेतला आणि “बघते” म्हणाली.

पुतळा हलवायचा अधिकार तिला नव्हता. पण काचेच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असायची, आणि आतलं काम तिचंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, दालन उघडायच्या आधी, तिने काच सरकवली. पिशवी उतरवली. कोट काढून पांढऱ्या कापडावर निजवला. मग पातं घेतलं आणि पुतळ्याच्या डाव्या खांद्याची शिवण कापली. आत बसवलेला कापूस बोळ्याबोळ्यांनी बाहेर ओढला. मानेला तासून कल दिला होता तिथे ठिगळ लावून ती उभी केली. गुडघा ताठ केला. पाय जवळ आणले. काम नेहमीसारखंच सफाईने झालं, आणि त्याचंच तिला भय वाटलं.

कोट परत चढवला, तसा तो खांद्यावर फुगला. बगलेत घडी पडली. असा कोट बघून कुणीही म्हणालं असतं की हा दुसऱ्याच कुणाचा आहे. भावाला तेच हवं होतं, पण ही घडी राहिली तर क्युरेटरबाईला कळणार आणि ती पुन्हा खांदा उचलायला लावणार. टाचणीने ओठांतून एक टाचणी काढली. इतक्या वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. पाठीमागून कापड चिमटीत धरलं आणि कोटाला आरपार टाचणी मारली. कापड जुनं होतं. कर्रकन आवाज आला. तिने आणखी तीन मारल्या. समोरून कोट छान दिसू लागला.

ती तशीच, जेवण न करता, भेटीच्या वेळेला शुश्रूषागृहात गेली. खिडकीजवळच्या पलंगावर दुसरीच एक म्हातारी छताकडे बघत पडली होती.

“काल रात्रीच नेलं त्यांना,” मेट्रन म्हणाली. “भावाने. दुसरीकडे ठेवलंय.”

“कुठे?”

“ते नातेवाइकांनाच सांगता येतं.”

“मी मावसबहीण…” टाचणीच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

मेट्रन वाईट बाई नव्हती. तिने नजर वळवली. “त्यांच्या आईला बहीणच नव्हती, बाई,” ती म्हणाली.

टाचणी तिथून नळांच्या दुकानात गेली. भाऊ एका प्लंबरला तोट्या दाखवत होता. तिला बघूनही त्याने तोट्यांचं पुरं केलं, प्लंबरला वाटेला लावलं, मग वर पाहिलं.

“केलं मी,” ती म्हणाली. “खांदा काढला. आता कुणालाही ओळखू येणार नाही. तुम्हीसुद्धा ओळखणार नाही.”

“मला बघायचं नाही.”

“तुम्ही म्हणाला होतात, मग बघू.”

“बघितलं,” भाऊ म्हणाला. “नाही.”

तो आतल्या खोलीत गेला. टाचणी फुटपाथवर येऊन उभी राहिली. जरा वेळाने मागून कुणीतरी पदराला धरून ओढलं. भावजय होती. तिने आधी दुकानाकडे पाहिलं, मग हळू विचारलं, “त्या काही खात नाहीत हो तिथे. तोंड मिटून घेतात. तुम्ही कसं भरवत होता?”

टाचणीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, कारण तिला वाटलं, आता ही आपल्याला नेणार. तिने सगळं सांगितलं. डाव्या गालाशी घास ठेवायचा, उजवीकडचं कळत नाही. आधी गळ्यावरून हात फिरवायचा, म्हणजे गिळता येतं. गरम नको, कोमट. हळू दोनदा म्हणाली तर पाणी. दात आवळून म्हणाली तर अंथरूण बघायचं. भरवून झालं की थोडा वेळ डावा हात हातात धरून बसायचं, नाहीतर ती झोपत नाही. भावजय एकेक गोष्ट ओठ हलवत पाठ करत होती.

“शेवटी आवाज चढवला तर?” तिने विचारलं. “कधी कधी दाराकडे बघून तसं म्हणतात.”

टाचणीने तिच्या हातातला पदर सोडवून घेतला.

“बरं, तिथल्या बाईला सांगते हे,” भावजय म्हणाली. “बरं झालं विचारलं.” ती घाईने आत गेली. जाता जाता मागे वळून म्हणाली, “यांना सांगू नका हं, मी विचारलं म्हणून.”

प्रदर्शन ठरल्याप्रमाणे चालू राहिलं. पहिल्या दोन दिवसांनंतर गणवेशापुढची गर्दी का ओसरली, हे क्युरेटरबाईला उमगलं नाही. तिने वरचा दिवा बदलून पाहिला. दालनातला पहारेकरी टाचणीला म्हणाला, “बाई, आधी इथे माणसं थांबायची. आता दुकानातल्या काचेसारखं बघतात आणि पुढे जातात. काय झालं हो त्याला?”

“सरळ झाला,” टाचणी म्हणाली.

शेवटच्या संध्याकाळी खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं भरून आली होती. ते दोन म्हातारेही आले होते आणि गणवेशाकडे पुन्हा पुन्हा बघत होते, काहीतरी हरवल्यासारखे. क्युरेटरबाई व्यासपीठावर गेली. तिने वस्तूंबद्दल सांगितलं, धीर करून त्या देणाऱ्यांबद्दल सांगितलं. मग कंडक्टरच्या गणवेशाकडे हात केला. “या दोघींची नावं मी सांगणार नाही, मी शब्द दिला आहे,” ती म्हणाली. “पण एवढं सांगते, आयुष्यभर त्यांनी एकमेकींना सोडलं नाही. आजही सोडलेलं नाही.”

कुणीतरी हुंदका दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्युरेटरबाईची नजर गर्दीतून फिरत टाचणीवर येऊन थांबली. तिने भुवया उंचावून विचारलं, बोलणार?

टाचणीने बोटाने आपले ओठ दाखवले. तोंडात टाचण्या होत्या. त्या दिवशी एकही पुतळा सजवायचा नव्हता, तरी तिने त्या सकाळपासून तशाच धरल्या होत्या.